मुले स्टेजवर चढतात, पण प्रेक्षकांत कधी बसणार?

सीमाभागातील शाळांत कलेचा कार्यक्रम म्हटला की डोळ्यांसमोर येते ते स्नेहसंमेलन. मंडप, डीजे, सिनेमाच्या गाण्यांवर नाच, पाहुण्यांची भाषणे आणि शेवटी बक्षीस वितरण. त्याच्या आधी 'प्रतिभा कारंजी'. क्लस्टर, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या कर्नाटक सरकारच्या या स्पर्धेसाठी शिक्षक मुलांकडून भाषणे, गाणी, वेशभूषा घटवून घेतात. यात वाईट काही नाही. उलट खेड्यातल्या मुलाला माईकसमोर उभे राहायची सवय याच कार्यक्रमांनी लावली.

पण एक गोष्ट सुटते. मूल वर्षातून दोनदा स्टेजवर चढते, मात्र जाणत्या कलाकाराचा प्रयोग समोर बसून पाहण्याची संधी त्याला शालेय आयुष्यात क्वचितच मिळते. ज्याने कधी चांगले नाटक पाहिलेले नाही, चार हात अंतरावरून तबला ऐकलेला नाही, त्याच्याकडून अभिनयाची आणि गाण्याची अपेक्षा करणे म्हणजे पुस्तक न देताच परीक्षा घेण्यासारखे आहे.

पाहण्यातूनच सुरू झाले

मराठी नाटकाचा जन्मच मुळी पाहण्यातून झाला. उत्तर कन्नड भागातील भागवत मेळ्याचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसा खेळ मराठीत करायला सांगितला आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आले. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. २०१५ मध्ये ९५वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन ज्येष्ठ गायिका-अभिनेत्री फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच भरले.

हा वारसा भाषणांत नेहमी सांगितला जातो. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातील किंवा चिकोडी-निपाणी भागातील सरकारी शाळेत शिकणाऱ्या सातवीच्या मुलाला त्याचा उपयोग काय? त्याच्यापुरते रंगमंदिर म्हणजे शहरातली एक इमारत. नाटक म्हणजे मोबाईलवर दिसणारी दोन मिनिटांची क्लिप. गावात गणपतीत किंवा यात्रेत हौशी मंडळींचे नाटक होत असेल तर तेवढाच त्याचा जिवंत कलेशी संबंध. अशी नाटके पूर्वीइतकी होत नाहीत, आणि झाली तरी ती रात्री उशिरा, मोठ्यांसाठी असतात.

मोबाईलवर दाखवले तर चालत नाही का?

हा प्रश्न अनेक मुख्याध्यापक विचारतात. स्मार्ट क्लास आहे, प्रोजेक्टर आहे, मग नाटकाचा व्हिडिओ लावला की झाले. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. अर्ज केलेल्या शाळांच्या गटांतून लॉटरी पद्धतीने काही मुलांना प्रत्यक्ष नाटकाला नेले, बाकीच्यांना नाही. पुढच्या प्रयोगांत काही मुलांना त्याच गोष्टीवरचा चित्रपट दाखवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, नाटक पाहिलेल्या मुलांना कथानक आणि त्यातले शब्द अधिक लक्षात राहिले. वेगळे मत असणाऱ्यांविषयीची त्यांची सहनशीलता वाढली आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची क्षमताही सुधारली. चित्रपट पाहणाऱ्या मुलांत तसा फायदा दिसला नाही.

तिथला समाज वेगळा, शाळा वेगळ्या, हे मान्य. तरीही दोन मुद्दे सीमाभागाला थेट लागू पडतात. पहिला शब्दसंपत्तीचा. इथल्या मराठी शाळेतील मुलाला घराबाहेर प्रमाण मराठी कमीच ऐकायला मिळते. दुकानात, बसमध्ये, कचेरीत कन्नड आणि हिंदीची सरमिसळ असते. तासभर चांगले, स्पष्ट, भावपूर्ण मराठी कानावर पडणे ही त्याच्यासाठी भाषेची शिकवणीच आहे. दुसरा मुद्दा वेगळ्या माणसाला समजून घेण्याचा. दोन भाषांच्या जिल्ह्यात त्याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

कागदावर सगळे आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलाकारांना शाळेत आणण्याची, काही काळ शाळेशी जोडून ठेवण्याची शिफारस आहे. सहावी ते आठवीसाठी 'दप्तराविना दहा दिवस' ही कल्पनाही त्यातलीच. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी 'कृति' हे कलाशिक्षणाचे पुस्तक काढले. त्यात चित्रकलेसोबत संगीत, नृत्य आणि नाटक आहे.

मात्र कर्नाटकाने राष्ट्रीय धोरणाऐवजी स्वतःचे राज्य धोरण करायचे ठरवून २०२३ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. एका धोरणातून बाहेर पडायचे आणि दुसरे शाळेपर्यंत पोहोचायचे, या मधल्या काळात कलेसारखे 'बिनमार्कांचे' विषय नेहमीच मागे पडतात.

त्याहून महत्त्वाची अडचण शिक्षण हक्क कायद्यात आहे. २००९ च्या या कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक द्यायचे आहेत. पण कधी? पटसंख्या १०० पेक्षा जास्त असेल तर. सीमाभागातील खेड्यांतल्या मराठी शाळांची पटसंख्या पाहिली तर ही अट किती शाळांना बाहेर ठेवते, हे पालकांना सांगायची गरज नाही. शाळा छोटी म्हणून कलाशिक्षक नाही, शाळेत काही घडत नाही म्हणून पालक मुलाला गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत घालतात आणि शाळा आणखी छोटी होते. हे चक्र एका नाटकाने थांबणार नाही. पण आपल्या गावच्या शाळेत काही घडते, ही भावना टिकवायला अशा गोष्टींचीच मदत होते.

हिशेब मांडून पाहू

'पैसे कुठून आणायचे?' या प्रश्नावर चर्चा थांबते. म्हणून एक ढोबळ हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. आकडे गृहीत धरलेले आहेत, गावानुसार ते कमी-जास्त होतील.

आठ कलाकारांची मंडळी एका दिवसात दोन क्लस्टरमध्ये दोन प्रयोग करते असे समजू. प्रत्येकी २ हजार मानधन म्हणजे १६ हजार रुपये. टेम्पो आणि डिझेल ४ हजार. जेवण-चहा दीड हजार. ध्वनियंत्रणा आणि किरकोळ साहित्य अडीच हजार. एकूण २४ हजार. प्रत्येक प्रयोगाला चार शाळांची मिळून २४० मुले धरली तर दिवसाला ४८० मुले प्रयोग पाहतात. म्हणजे एका मुलामागे ५० रुपये.

आता उलटा हिशेब. ६० मुलांना शहरातल्या नाट्यगृहात न्यायचे तर एका बसचे भाडेच ८ हजार धरावे लागेल. नाटकाचा एक शब्द ऐकण्यापूर्वी मुलामागे १३३ रुपये रस्त्यावर खर्च. शिवाय पालकांची संमती, जाण्यायेण्याची जबाबदारी आणि अख्खा दिवस वेगळा. त्यामुळे मुलांना नाटकाकडे नेण्यापेक्षा नाटक मुलांकडे आणणेच स्वस्त आणि सोपे आहे.

५० रुपये कमी वाटतात, पण आठ शाळांत वाटले तर प्रत्येक शाळेचा वाटा ३ हजार होतो. समग्र शिक्षा अभियानात ३० ते १०० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला २५ हजारांचे एकत्रित अनुदान मिळते. त्यातच वीजबिल, खडू-फळा, दुरुस्ती आणि किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. त्यातून ३ हजार काढा म्हणणे मुख्याध्यापकांवर अन्याय ठरेल. म्हणजे पैसा बाहेरूनच यायला हवा.

तो येऊ शकतो. कंपनी कायद्यानुसार निव्वळ नफा ५ कोटींच्या वर असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे आणि कला-संस्कृतीही आहे. बेळगाव परिसरातील मोठ्या उद्योगांकडे हा प्रस्ताव व्यवस्थित मांडता येईल. सहकारी पतसंस्थांना ही सक्ती नाही, पण शाळांना मदत करण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. वह्या-दप्तरांसोबत एका प्रयोगाचा खर्च उचलणे त्यांना जड नाही. करांचीही अडचण नाही. लोककला आणि शास्त्रीय कलांच्या प्रयोगासाठी कलाकाराला मिळणारे दीड लाखापर्यंतचे मानधन जीएसटीमुक्त आहे आणि ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावरही जीएसटी नाही.

फिरते नाटक नवीन नाही

याच राज्यात हेग्गोडूच्या 'नीनासम' संस्थेचे 'तिरुगाट' हे फिरते नाट्यपथक १९८५ पासून गावोगावी जाते. धारवाडला 'रंगायण' आहे, म्हणजे जिल्ह्याच्या शेजारीच. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'स्पिक मॅके' ही चळवळ स्वयंसेवकांच्या बळावर शाळा-कॉलेजांत शास्त्रीय संगीत आणि नृत्य नेते. विद्यार्थ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि कलाकाराने नुसते न गाता मुलांना समजावून सांगायचे, ही तिची पद्धत. मराठीत सुधा करमरकर, रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्याची वाट पाडली. मोहन आगाशे यांनी जर्मनीतील 'ग्रिप्स' रंगभूमी पुण्यात आणली. त्यात परीकथेऐवजी मुलांचे रोजचे प्रश्न असतात आणि मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात. नेपथ्य मोजके ठेवले तर असे नाटक शाळेच्या वऱ्हांड्यातही उभे राहते.

इथल्या मातीतही कमी काही नाही. भारूड, सोंगी भजन, पोवाडा, शेजारच्या तळकोकणातला आणि गोव्यातला दशावतार. कुलगोड तम्मण्णा यांच्या नावाशी जोडलेला 'श्रीकृष्ण पारिजात' हा कन्नड लोकनाट्याचा ठेवा तर याच जिल्ह्यातला.

इथे एक शंका हमखास येते. सरकारी शाळेत मराठी प्रयोग म्हटले की राजकारण आडवे येणार. त्यावर उत्तर सोपे आहे. एकाच आवारात कन्नड आणि मराठी शाळा भरणे सीमाभागात नवीन नाही. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून एकदा मराठी बालनाट्य आणि एकदा पारिजात दाखवावे. कोणाच्या भाषेचे काही कमी होणार नाही. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये येतात. दोन्ही भाषांचा असा संयुक्त प्रस्ताव त्या केंद्राकडे जायला हवा.

काळजी कशाची घ्यायची

शाळांत आजही काही 'कार्यक्रम' येतात. जादूचे प्रयोग, साप दाखवणारे, संदेश देणाऱ्या नाटिका. मुलांकडून पैसे गोळा होतात, अर्ध्या तासात सगळे आटोपते आणि दर्जा कोणी विचारत नाही. नव्या प्रयत्नाचे असे होऊ द्यायचे नसेल तर काही पथ्ये लागतील. मुलांकडून सक्तीने पैसे नकोत. प्रयोग एसडीएमसी आणि दोन-तीन शिक्षकांनी आधी पाहिलेला असावा. वेळ ४० ते ५० मिनिटे, पहिली ते चौथी आणि पाचवी ते आठवी अशी वेगळी निवड. पाहुण्यांची भाषणे नकोत, हार-शाली नकोत. प्रयोगानंतर १५ मिनिटे मुलांनी कलाकारांना प्रश्न विचारावेत, वाद्य हातात घेऊन पाहावे.

वेळही पाहावी लागेल. जून ते सप्टेंबर खानापूर आणि पश्चिम भागात पाऊस असा की शाळेलाच सुट्टी द्यावी लागते. फेब्रुवारीपासून परीक्षांची घाई. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ योग्य. नेमक्या याच हंगामात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलने होतात. ग्रंथदिंडीत शाळकरी मुले लेझीम खेळत पुढे असतात आणि सत्रे सुरू झाली की घरी जातात. संमेलनाच्या आयोजकांनी दिवसातला एक तास फक्त मुलांसाठी, चांगल्या प्रयोगासाठी राखून ठेवला तर मंडपाचा आणि ध्वनियंत्रणेचा वेगळा खर्चही येणार नाही.

आता निर्णय कोणाचा?

जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. सगळीकडे एकदम सुरुवात करण्याची गरज नाही. दोन्हीकडच्या शिक्षण उपसंचालकांनी प्रत्येकी एक तालुका निवडावा, १०० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांना प्राधान्य द्यावे आणि एका हंगामात प्रत्येक मुलाला किमान एक प्रयोग दाखवावा. यादी करण्याचे काम सीआरपी करू शकतात, पैशांचे काम पतसंस्था आणि माजी विद्यार्थी, कलाकार पुरवण्याचे काम शहरातील नाट्यसंस्था. नाट्यसंस्थांचाही यात स्वार्थ आहे. आज दहा वर्षांच्या मुलाने नाटक पाहिले नाही, तर तो पंचविशीत तिकीट काढून येईल, ही आशा त्यांनी धरू नये.

हिशेब मुलामागे ५० रुपयांचा आहे आणि माणसे जवळच आहेत. कमी आहे ती हे काम आपले मानणाऱ्या एका कचेरीची. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा हंगाम हातून जाऊ द्यायचा नसेल, तर पहिली बैठक त्याआधीच बोलवावी लागेल.