टर्बो गाडीतलं हीट शील्ड काढून टाकणं महागात का पडू शकतं?

भारतात 4 मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर कमी कर लागतो. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि लहान डिझेल इंजिनंही कमी झाली. त्यामुळे 1 लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांची चलती वाढली.

पण टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर. पेट्रोल इंजिनात त्यांचं तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. शेजारीच वायरी, रबरी नळ्या आणि प्लॅस्टिकचे भाग असतात.

हीट शील्ड म्हणजे या दोघांमधला ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पातळ पत्रा. त्याचा चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो आणि मागची हवेची फट ती पुढे सहज जाऊ देत नाही. पत्रा उष्णता संपवत नाही. ती बाहेर नेण्याचं काम वाहत्या हवेचं. म्हणूनच गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली काही वेळ उलट जास्त तापतं.

बोल्ट सैल झाला की पत्रा खडखडतो आणि कधीकधी तो काढूनच टाकला जातो. आवाज थांबतो, पण वायरींचं आवरण तडकू शकतं, नळ्या गळू शकतात. तापलेल्या टर्बोवर तेल ठिबकलं तर आगीचा धोका. खरा उपाय बोल्ट आवळण्याचा किंवा पत्रा बदलण्याचा आहे. सर्व्हिसिंगनंतर तो जागेवर आहे ना, हे एकदा विचारून घ्यावं.