अंतर कशाने मोजायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

‘विज्ञानाने जग जवळ आले’ हे वाक्य निबंधात लिहून आपण सर्वांनीच गुण मिळवले आहेत. मीही मिळवले. परंतु ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहावे असे मला गेल्या श्रावणापासून वाटू लागले आहे.

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. रेल्वेने तेच जवळजवळ १४०० भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला खरे तर दीड तास पुरे. पण वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगेने जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे, हे सारे त्यात धरलेले असते. म्हणजे विमानाच्या प्रवाशाला किलोमीटर नव्हे, वेळ सांगितला जातो. तोही अडचणी जमेस धरून.

माझी आजी शाळेत गेली नाही. पण मुरबाडचा बाजार किती लांब असे विचारले, तर ती म्हणते, “तांबडं फुटताना निघालास तर उन्हं तापायच्या आत.” आजीचे आणि विमानवाल्यांचे गणित एकच! किलोमीटरवर विसंबतात ते फक्त सरकारी कागद.

शहापूर ते मुरबाड सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर. विमानाला जेमतेम दोन मिनिटे. आमचा पाडा या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एस.टी. चुकली की माझे पहिले दोन तास बुडतात. पण त्याचे मला फारसे दुःख नाही.

गेल्या श्रावणात रात्री नऊ वाजता शेजारच्या वहिनीला कळा सुरू झाल्या. पाड्याला रस्ता नाही. आम्ही चौघांनी तिला झोळीत घातले, चिखल तुडवीत सडकेवर आणले, जीपची वाट पाहिली. डॉक्टर भेटले तेव्हा साडेबारा झाले होते. कागदावर दवाखाना फक्त चौदा किलोमीटर! वाटेत ढगांवरून एक विमान घरघरत गेले. तेवढ्या वेळात ते दिल्ली गाठून परतीला लागले असेल. वहिनी वाचली. बाळ राहिले नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. ती नकोत असे मी म्हणत नाही. आमच्यातलीही मुले उद्या विमानात बसोत. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक पाड्याच्या वाटेवर एक पाटी लावावी: ‘येथून डॉक्टरपर्यंत, पावसाळ्यात, रात्री, इतके तास.’ तो आकडा रोज डोळ्यांसमोर राहिला, तर रस्त्याची आणि साकवाची मागणी कोणाला अवास्तव वाटणार नाही.

तोवर, मित्रहो, ‘जग जवळ आले’ हे वाक्य निबंधात लिहिताना जरा थांबूया. कोणाच्या दारापासून, तेवढे विचारूया.