जुन्या गाडीचा कर आणि श्रावकाचा हिशेब

पालमच्या बाजारपेठेतील एखादा लहान किराणा दुकानदार डोळ्यांपुढे आणावा. त्याची दुचाकी पंधरा वर्षांची झाली आहे. आठवड्यातून दोनदा गंगाखेडहून माल आणण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तो परभणीच्या परिवहन कार्यालयात जातो, तेव्हा इतर शुल्काबरोबर त्याला ‘पर्यावरण कर’ही भरावा लागतो. नवी मोठी मोटार रोज दूरवर पळविणाऱ्यास मात्र हा कर नाही. मग हवा नेमकी कोणी बिघडविली, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिल्यास त्याला दोष देता येणार नाही.

हा कर महाराष्ट्रात २०१० साली आला. पंधरा वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी त्या वेळी पाच वर्षांचे दर असे ठरले: दुचाकीस २,००० रुपये, पेट्रोलवरील मोटारीस ३,००० आणि डिझेलवरील मोटारीस ३,५०० रुपये. जुने इंजिन प्रत्येक किलोमीटरला अधिक धूर सोडते, हे खरे. म्हणून करामागील हेतू चुकीचा म्हणता येत नाही. परंतु हा कर गाडीचे वय पाहतो, ती किती धावली हे पाहत नाही. शिवाय एवढ्या करासाठी कोणी गाडी मोडीत काढत नाही, आणि नवी घेण्याची ऐपत नसलेल्याला तर दुसरा मार्गच नसतो. धूर तसाच राहतो, खर्च मात्र वाढतो.

कर परिणामकारक ठरतो तो पर्याय हाताशी असेल तेथे. आयर्लंडने २००२ साली प्लास्टिक पिशवीवर पंधरा सेंट आकारले आणि तिचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कारण कापडी पिशवी घरोघरी होतीच. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरील करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. गाडीवाचून ज्यांचे चालत नाही, अशा लहान गावांतील लोकांचा त्यांत मोठा भरणा होता. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. स्वित्झर्लंड कार्बन करातील मोठा हिस्सा नागरिकांना दरडोई समान परत देते. त्यामुळे कमी जाळणाऱ्याचा लाभ होतो.

जमा झालेला पैसा कोठे जातो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. आपल्या देशात २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. कोळशाच्या विजेचे बिल भरणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत त्याचा भार अखेर पोहोचत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ही रक्कम राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळविण्यात आली. ज्या नावाने पैसा घ्यावा त्याच कामी तो लावावा, हा पेढीवरचा साधा नियम राज्यकारभारालाही लागू असावा.

श्रावकाने या प्रसंगी काय करावे? अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. कर अन्याय्य वाटला तरी तो चुकविणे व्रतात बसत नाही. तो भरावा आणि त्याचा हिशेबही मागावा. व्यापारी संघटनांनी ग्रामीण भागासाठी पुरेशा एसटी गाड्यांची मागणी करावी, हे त्याच हिशेबाचे अंग होय.

परंतु काम येथेच संपत नाही. दिग्व्रत घेणारा श्रावक आपण कोणत्या दिशेस किती दूर जावे याची मर्यादा स्वतः ठरवितो. भोगोपभोगपरिमाण व्रतात वापराच्या वस्तूंची मर्यादा येते. सरकारचा कर जे मोजत नाही, ते मोजण्याची रीत आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे. ज्याच्या दारी दोन-तीन मोटारी उभ्या आहेत, त्याने ही मोजणी आधी करावी. पालमच्या त्या दुकानदाराने आपल्या वाट्याचे भरले आहे. समर्थ कुटुंबांनी आपला वाटा केवळ पावतीवर मोजू नये.