मुलाचे ऑपरेशन आहे? मग सर्दी लपवू नका, आणि रुग्णालयांनीही ती लपवायची वेळ आणू नये

हर्निया असो वा अपेंडिक्स, मुलाचे ऑपरेशन ठरले की पालक सर्जनचे नाव आणि खर्च विचारतात. भूल कोण देणार, हे क्वचितच विचारले जाते. ते विचारायला हवे.

भूल दिल्यावर काय होते?
पूर्ण भूल दिली की श्वासपटल आणि छातीचे स्नायू सैल पडतात. फुफ्फुसाच्या खालच्या भागावर दाब येऊन तिथले वायुकोश मिटतात. याला अ‍ॅटेलेक्टॅसिस म्हणतात. १९८५ मध्ये स्वीडनमधील डॉक्टरांनी मोठ्या माणसांचे सीटी स्कॅन करून दाखवले, की हे भुलेनंतर काही मिनिटांतच घडते.

मुलांना धोका जास्त का?
मुलांची छाती मऊ असते, फुफ्फुसात हवेचा साठा कमी असतो. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाला ऑक्सिजन मात्र मोठ्यांच्या जवळपास दुप्पट लागतो. त्यामुळे ऑक्सिजनची पातळी झपाट्याने घसरू शकते. सर्दी-खोकला असेल तर कफाने श्वासनलिका अडते आणि धोका आणखी वाढतो.

उपाय काय?
उपाय भुलेच्या मशीनवरच आहे. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब टिकवायचा, साधारण ५ सेंटीमीटर पाण्याइतका. याला ‘पीप’ म्हणतात. मिटलेला भाग आधी काही सेकंद जास्त दाबाने उघडायचा, मग पीपने उघडा ठेवायचा. नळीतून कफ ओढल्यावर पुन्हा तेच करावे लागू शकते. ऑक्सिजनही गरजेपुरताच. हवेतला नायट्रोजन वायुकोश फुगलेले ठेवतो. निव्वळ ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि ते रिकामे होतात. फुफ्फुसे उघडली का, हे सोनोग्राफीवर पाहता येते.

दाब किती ठेवायचा, हे मूल पाहून भूलतज्ज्ञच ठरवतात. पण यासाठी वेगळे महागडे औषध लागत नाही, लागते ती सवय. म्हणूनच मुलांच्या प्रत्येक ऑपरेशनच्या चेकलिस्टमध्ये ही पायरी असायला हवी.

पालकांनी काय करावे?
भुलेआधीची तपासणी म्हणजे नुसती सही नव्हे. सर्दी, दमा, घरातले सिगारेट किंवा चुलीचे धूर, सगळे सांगा. अनेकदा सर्दी लपवली जाते, कारण रजा टाकलेली असते, पैसे उसने आणलेले असतात आणि तारीख गेली तर पुढची कधी मिळेल याची खात्री नसते. दोष एकट्या पालकांचा नाही. ऑपरेशन पुढे ढकलताना रुग्णालयाने नवी तारीख त्याच वेळी लिहून द्यावी. मग खरे सांगणे पालकांना महाग पडणार नाही.