मागणीची भाषा
आज्ञावली कशी हवी, हे टिपण्याचे दोन घाट आहेत: गणिती चिन्हांत बांधलेली काटेकोर संहिता, किंवा वापरणाऱ्याने आपल्या शब्दांत सांगितलेली गोष्ट. संहितेत संदिग्धता उरत नाही. पण ती वापरणाऱ्यालाच वाचता येत नाही. डहाणू-तलासरीला हा पेच परका नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा छापील रकान्यांत भरायचा असतो. तरी २००८ च्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही पुरावा मानले, आणि त्याला दुसऱ्या पुराव्याची जोड मागितली. आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा. आधी वारली बोलीतले कथन ऐकावे, मग संहिता बांधावी, आणि ती सांगणाऱ्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवावी. त्याला ती आपली वाटली नाही, तर आपण केवळ चूक काटेकोरपणे लिहिली, एवढाच त्याचा अर्थ.