प्लग बदलताना किमतीपेक्षा क्रमांक महत्त्वाचा

वस्तू व सेवा कराची नवी रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरील कर सरसकट १८ टक्के झाला. त्यापूर्वी स्पार्क प्लगवर २८ टक्के कर आकारला जात असे. कर वगळून शंभर रुपये किंमत असलेला प्लग पूर्वी १२८ रुपयांना पडत असेल, तर नव्या दराने तो ११८ रुपयांना पडावा. मोटारमालकाला हा थोडाफार दिलासा आहे, यात शंका नाही. मात्र त्याच वर्षी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभरातील पंपांवर सर्रास मिळू लागले आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज घटल्याच्या तक्रारीही वाढल्या. अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या ग्राहकाला अनेकदा मिळणारा पहिला सल्ला म्हणजे, 'प्लग बदलून पाहा'. प्लग स्वस्त झाला असला तरी कोणता प्लग घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर करकपातीत नाही. महागडा प्लग घेतला की काम झाले, असेही नाही. ते उत्तर गाडीसोबत मिळालेल्या आणि बहुतेकांनी कधीही न उघडलेल्या पुस्तिकेत आहे.

अ‍ॅव्हरेजचे कोडे

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रणातील इथेनॉल वाढले की त्याच अंतरासाठी अधिक इंधन लागणे अपरिहार्य ठरते. निती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला होता. इंधनातच नसलेली ऊर्जा कोणताही प्लग निर्माण करू शकत नाही. प्लगचे काम इंधन आणि हवेचे मिश्रण योग्य क्षणी पेटविणे एवढेच आहे. जुना प्लग झिजलेला असेल तर नवा बसविल्याने गेलेले अ‍ॅव्हरेज काही प्रमाणात परत येते. प्लग चांगला असेल, तर तो बदलण्याचा खर्च वायाच जातो. म्हणूनच बदलण्यापूर्वी तो काढून पाहणे आवश्यक असते. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक समजावी. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात इंधन जास्त जात आहे. तेलकट काळा थर असेल, तर दोष प्लगचा नसून झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी नवा प्लगही थोड्याच दिवसांत काळा पडतो आणि ग्राहक पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभा राहतो.

थंड आणि गरम

प्लगच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे त्याची उष्णता श्रेणी, अर्थात हीट रेंज. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, तरच त्यावर साचणारी काजळी आपोआप जळून जाते. तेच टोक ८०० अंशांच्या बरेच पुढे गेले, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला इजा पोहोचू शकते. टोकावरची उष्णता इंजिनाच्या हेडकडे झटपट वाहून नेणारा प्लग 'थंड' आणि सावकाश नेणारा 'गरम' म्हटला जातो. कोणत्या इंजिनाला कोणता लागतो, हे त्या इंजिनाच्या रचनेवर ठरते.

घोटाळा होतो तो क्रमांकांमध्ये. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांची रीत नेमकी उलट आहे. तेथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. एका कंपनीचा सहा क्रमांकाचा प्लग काढून दुसऱ्या कंपनीचा सहा क्रमांकाचा बसविणे, ही म्हणूनच बरोबरी नसून चूक ठरू शकते. कंपनी बदलायची असेल तर उत्पादकांच्या तुलना तक्त्यातून पर्यायी क्रमांक शोधणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

क्रमांकात आणखीही माहिती दडलेली असते. उदाहरणार्थ, एनजीकेच्या 'बीपीआर६ईएस' या जुन्या आणि सर्वत्र परिचित प्लगमध्ये 'बी' हे अक्षर १४ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे, 'आर' आतील रेझिस्टरचे आणि 'ई' १९ मिलिमीटर लांबीच्या आट्यांचे निदर्शक आहे. आट्यांची लांबी गरजेपेक्षा जास्त झाली तर टोक पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो. कमी पडली तर ठिणगी मिश्रणापर्यंत नीट पोहोचत नाही. रेझिस्टर नसलेला प्लग बसविल्यास ठिणगीमुळे निर्माण होणाऱ्या विद्युत लहरी गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत व्यत्यय आणू शकतात. मळ्यात बसला म्हणजे चालला, हा जुना हिशेब आता उपयोगाचा नाही.

इरिडियमचे आकर्षण

साध्या निकेल प्लगचे आयुष्य सामान्यतः २० ते ४० हजार किलोमीटर, तर चांगल्या इरिडियम प्लगचे एक लाख किलोमीटरच्या आसपास मानले जाते. निकेल १४५५ अंशांवर वितळते, तर इरिडियम २४४६ अंशांवर. त्यामुळे इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येते आणि ठिणगीला कमी दाबाची वीज पुरते. इरिडियमसाठी मोजलेली जास्त किंमत मुख्यतः या टिकाऊपणाची असते. त्याने पिकअप कमालीचा वाढतो, हा प्रचार मात्र फारसा गंभीरपणे घेण्याजोगा नाही. कारखान्यातूनच इरिडियम प्लग बसवून आलेल्या गाडीत स्वस्त निकेल प्लग टाकणे ही खोटी काटकसर ठरते, कारण तो लवकर झिजतो आणि मजुरी पुनःपुन्हा द्यावी लागते. उलट, निकेल प्लगवर सुरळीत चालणाऱ्या जुन्या गाडीला इरिडियम हवेच, असेही नाही. शिवाय पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशने प्लग घासून पुन्हा बसविण्याची जुनी सवय इरिडियमच्या नाजूक टोकाला मारक ठरते.

सीएनजीचा वेगळा हिशेब

मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षांमुळे महाराष्ट्रात सीएनजी हे रोजीरोटीचे इंधन झाले आहे. या वायूचे मिश्रण पेटविण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची ठिणगी लागते आणि द्रव इंधनाच्या बाष्पीभवनातून मिळणारा गारवाही त्यात नसतो. प्लगवर ताण वाढतो, तो लवकर झिजतो आणि टोकांमधील अंतर किंचित वाढले तरी इंजिन मिसफायर होऊ लागते. कारखान्यातून सीएनजीवर आलेल्या गाडीच्या पुस्तिकेत प्लगचा क्रमांक आणि गॅप दिलेली असते. बाहेरून किट बसविलेल्या गाडीची मूळ पुस्तिका मात्र या बाबतीत मौन असते. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर चालविणाऱ्या टॅक्सीचालकाची एका दिवसाची कमाई ज्या भागावर अवलंबून असते, त्याचा क्रमांक किट बसविणाऱ्याने लेखी देणे बंधनकारक असायला हवे.

नकली मालाचे सावट

दिल्लीचे काश्मिरी गेट असो वा पुण्याची नाना पेठ, सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठांत अस्सल मालाइतकीच नकली मालाचीही चर्चा असते. नकली प्लगवर नाव, खोका आणि क्रमांक हुबेहूब असतो. आतली चिनी माती, रेझिस्टर आणि धातू मात्र वेगळे असतात. मळ्यावरील वायसर बोटांनी सहज निघून येणे, छपाई अस्पष्ट असणे, मधले टोक वाकडे असणे, अशा खुणा संशयास पुरेशा ठरतात. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार बनावट मुद्रा वापरून माल बनविणाऱ्यास व विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूबद्दल उत्पादकासह विक्रेत्यालाही जबाबदार धरण्याची सोय आहे. परंतु हातात पक्के बिल नसेल, तर दोन्ही कायदे ग्राहकाच्या फारसे कामी येत नाहीत.

चुकीच्या किंवा नकली प्लगची खरी किंमत नंतर मोजावी लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांनंतरच्या गाड्यांमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर अधिक संवेदनशील आहेत. सिलिंडरमध्ये न जळालेले इंधन तेथे जाऊन पेटते, तापमान वाढते आणि आतील जाळी वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंमुळे हा भाग हजारो रुपयांचा असतो. डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लुकलुकू लागल्यास गाडी तशीच दामटणे म्हणूनच महागात पडते.

फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, तेव्हा शिशाच्या थराने खराब होणाऱ्या प्लगांचे आयुष्य वाढले आणि ग्राहकाला आपसूक लाभ झाला. आताच्या बदलात तसा आपसूक लाभ नाही. इंधन बदलले, निकष बदलले, करही बदलला. निवडीची जबाबदारी मात्र मालक आणि मिस्त्री यांच्यावरच राहिली आहे. उत्पादकांनी प्रत्येक मॉडेलचा प्लग क्रमांक, गॅप आणि मान्य पर्याय मराठीसह स्थानिक भाषांत ठळकपणे प्रसिद्ध करावेत, तसेच गॅरेजने बसविलेल्या प्लगचा क्रमांक बिलावर लिहावा. एवढ्या दोन गोष्टी झाल्या, तरी करकपातीतून वाचलेले दहा रुपये पुढच्या दुरुस्तीत जाणार नाहीत.