रोकोको : अलंकरणाचा आरोप
रोकोको म्हणजे सरंजामी विलासाची निव्वळ सजावट, हा अभिप्राय समीक्षेत अद्याप निष्कर्ष म्हणून मिरवतो. वस्तुतः ते एका पक्षाचे आरोपपत्र आहे. दाविदच्या शिष्यवर्तुळात ही संज्ञा उपहासार्थच रूढ झाली. पॅरिसच्या ओतेल द सुबीझमधील, बोफ्राँने १७३०च्या दशकात रचलेल्या लंबगोल दालनात भिंत कोठे संपते आणि छत कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. सोनेरी नक्षी आणि नात्वारची सायकी-चित्रे नेमक्या त्या सांध्यावर वसली आहेत. अलंकरण वजा केल्यास तेथे 'मूळ' अवकाश उरतच नाही. मग आशय आणि अलंकार हे द्वैत कशाच्या बळावर टिकते? विशेषाधिकारांवर पोसलेल्या वर्गाचा निषेध अवश्य व्हावा. परंतु आश्रयदात्याचा गुन्हा रूपबंधाच्या माथी मारणे ही समीक्षा नव्हे, रूपविश्लेषण टाळण्याची पळवाट आहे.